पोट आत, श्वास बाहेर

९ फेब्रुवारी, सोमवार

माझ्या पाठीला काहीही झालेलं नाही म्हणे! डॉक्टरांनी तपासणीचे फोटो उजेडासमोर धरले, मान डोलावली — मणके ठीक, मधल्या गाद्या ठीक, सगळं ठीक. मग दुखतं ते काय? तर म्हणे पोट. "पोटाचे आणि कंबरेचे आतले स्नायू ढिले पडलेत तुमचे, त्यामुळे सगळा भार पाठीवर येतो." म्हणजे आळशी पोट आणि शिक्षा पाठीला. गोळ्या आठवडाभराच्या आणि व्यायाम जन्मभराचा!

शिवाय वजन उचलायचं नाही. मी म्हटलं, घरात एक वजन आहे, ते रोज उचलावंच लागतं. किती किलोचं? म्हटलं, कल्पना नाही, काट्यावर उभ्या राहत नाहीत — माझ्या सासूबाई आहेत. डॉक्टर हसले नाहीत. फिजिओचा पत्ता लिहून दिला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

सासूबाईंचा खुबा मागच्या वर्षी मोडला. ऑपरेशन झालं, हाड झकास जुळलं, आता चाला म्हणाले. चालवायला म्हणून एक फिजिओ घरीसुद्धा आला होता, त्याला सासूबाईंनी खोलीच्या दारातूनच परत पाठवला. "पुन्हा पडले म्हणजे मला कोण उचलणार?" तेव्हापासून त्या न पडताच मी त्यांना उचलते आहे! पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, कमोडवरून पुन्हा पलंगावर. माझ्या गळ्यात दोन्ही हात टाकतात आणि अंग सोडून देतात. आमच्या यांच्या हृदयात स्प्रिंग बसवलेली, त्यामुळे त्यांनी उचलायचा प्रश्न नाही. मदतीला बाया ठेवून पाहिल्या. सासूबाईंच्या जिभेपुढे एकही टिकली नाही. शेवटची तर चहा अर्धा टाकून गेली.

११ फेब्रुवारी, बुधवार

फिजिओचं दुकान — हो, दुकानच — दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. पाठ धरून जिना चढायचा आणि वर जाऊन पाठ बरी करून घ्यायची! खोलीच्या तीन भिंतींना आरसे. आपला अवतार आपल्याला तिन्ही बाजूंनी दिसावा, ही सोय. सगळीकडे रबराचा वास. मोठाले रंगीत चेंडू. त्यातल्या एकावर एक गृहस्थ टाय लावून बसल्या बसल्या डुलत होते, चेहरा मात्र सभेला अध्यक्ष असल्यासारखा गंभीर.

फिजिओ पोरगेलासा. मला "काकू" म्हणाला. तिथंच माझ्या मनातून उतरला. उताणं झोपा, गुडघे वर, बेंबी आत ओढा, पाठीला चिकटवा. एवढंच! यासाठी मी जिना चढले. ओढलं पोट आत. "काकू, श्वास!" पुन्हा ओढलं. "काकू, श्वास रोखताय तुम्ही!" दर खेपेला तेच. शेवटी मी वैतागून सांगितलं — अरे बाबा, उभी हयात चष्म्याच्या दुकानात काढली मी. दांडीचा स्क्रू तिळाएवढा असतो. बसवताना श्वास सुटला की स्क्रू गेला, मग गुडघ्यांवर बसून फरशी चाचपा. आमच्या धंद्यात नीट करायचं म्हणजे श्वास धरायचा, अंगाला तेवढंच ठाऊक.

तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "असं करा, मोठ्याने बोलत करा. काय करताय ते म्हणायचं, आकडे मोजायचे. बोलणाऱ्याला श्वास रोखता येत नाही." मोठा शोधच लागला जसा! मी त्याचं नाव ठेवलंय — श्वासमास्तर.

१४ फेब्रुवारी, शनिवार

घरी करायचं कुठं? बैठकीत सोफा पसरलेला. आमच्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये उभं राहता येतं, आडवं होता येत नाही. मोकळी फरशी घरात एकच — सासूबाईंच्या पलंगाशेजारची. खुर्ची फिरवता यावी म्हणून रिकामी ठेवलेली. तिथं सतरंजी टाकली आणि पडले.

वरून: "काय हरवलं?"

"काही नाही आई, व्यायाम करतेय."

"झोपून?"

मी सुरू केलं. "गुडघे वर. पोट आत. श्वास बाहेर. एक, दोन —"

"अगं, बहिरी नाही झाले मी अजून."

"फिजिओने मोठ्याने बोलायला सांगितलंय."

"तुला? तुला सांगावं लागलं?"

दहा वेळा करायचं होतं, अर्ध्यावरच उठले. अपमान गिळत पोट आत जात नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

केलं. वरून शेरे चालूच. लिहून ठेवावा असा एकही नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज सतरंजी काढलीच नाही. चहा घेऊन गेले तर विचारणा — "आज नाही वाटतं तुझा तमाशा?" करमणूक हवी बाईंना! टीव्ही लावून दिला. बंद करायला लावला. "त्यात काय बघायचं? तूच बरी." मग काय, आडवी झाले. रागाच्या भरात आकडे खणखणीत निघाले आणि एकदाही श्वास अडला नाही. श्वासमास्तरला सांगायला हवं, पाठदुखीवर सासू हा उत्तम उपाय आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

नणंदेचा फोन. "वहिनी, तुझीच काळजी वाटते गं." तिचा आवाज असा मधाळ झाला की समजावं, काहीतरी ठरवून झालंय. ठरवलंय ते असं — मार्चअखेर ती येणार, आणि तोवर माझी पाठ उचलण्याजोगी झाली नाही तर आईला वृद्धाश्रमात ठेवायचं. कुठल्या? तर शहराबाहेरच्या त्या मोठ्या. अंथरुणाला खिळलेल्यांना घेणारा तेवढा एकच. सासूबाईंची थोरली बहीण तिथंच वारली. आम्ही तिला भेटायला गेलो होतो. ओळीने खाटा होत्या, आणि एकाही खाटेवरच्या माणसाने मान वळवून आमच्याकडे पाहिलं नाही. परत येताना सासूबाई वाटभर एक शब्द बोलल्या नाहीत. ही बाई गप्प बसली म्हणजे काय झालं असेल, ते समजून घ्यावं.

दुसरं एक आहे, वाचनालयाच्या मागच्या गल्लीत. छोटंसं, स्वच्छ, पुढे झाडं, दोन बहिणी मिळून चालवतात. पण त्यांची अट — ज्याला पलंगावरून आपलं आपण उतरून खुर्चीत बसता येईल, त्यालाच जागा. म्हणजे आमच्या महाराणींचा प्रश्नच मिटला. फोननंतर दोन्ही आश्रमांचं हे यांनी मला अगदी हळू आवाजात सांगितलं, दार सताड उघडं ठेवून! आत ऐकू गेलंच. मी डोकावले तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं.

मी पाठवणार नाही. प्रेमाबिमाचा गैरसमज नको. हट्ट आहे हा. लग्न होऊन आले त्या दिवसापासून या बाईने माझ्या प्रत्येक कामाला नाक मुरडलं. कपड्यांच्या घड्या, चहाचा रंग, पोरीची वेणी — एक गोष्ट मला धड येत नाही. आता "सुनेला मी झेपले नाही" हेही तिला म्हणायला मिळावं? मुळीच नाही! आणि नणंदेला तर त्याहून नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

श्वासमास्तरने नवा प्रकार दिला. "पूल." उताणं पडून टाचा रोवायच्या, पोट आवळायचं आणि कंबर जमिनीवरून वर उचलायची. "ढुंगण घट्ट आवळा, काकू!" — असं, सगळ्या वर्गासमोर! तो टायवाला गृहस्थ चेंडूवरून पडता पडता वाचला.

घरी हे मोठ्याने म्हणणं आलंच. "टाचा रोव. पोट आत. श्वास सोडत कंबर वर. थांब. सावकाश खाली." आज वरून शेरा नाही. त्याऐवजी आवाज — हूं, स्स्, हूं. मला वेडावतात! मी "कंबर वर" म्हटलं की पलंग कुरकुरतो, मी खाली आले की वरून सुस्कारा. पिकली पानं आणि पोरकटपणा बघा! मान उचलून पाहिलं तर डोळे मिटून साळसूद पडलेल्या. चेहरा लालबुंद, हसू दाबल्यावर होतो तसा.

मी ठरवलंय, लक्ष द्यायचं नाही.

४ मार्च, बुधवार

काहीतरी होतंय! आज त्यांना पलंगावरून उचललं, आणि उचललं म्हणेतो उचलून झालं. रोज तोंडातून "आई गं" निघतं, आज निघालंच नाही. कमोडवरून परत आणतानाही तेच. कंबरेत कळ नाही. पोट आत गेलेलं, श्वास बाहेर गेलेला, सगळं जिथल्या तिथं. म्हणजे हे खरंच चालतं!

श्वासमास्तरला कबुली देणार नाही. डोक्यावर बसेल.

१० मार्च, मंगळवार

आजचा प्रकार — मेलेलं झुरळ. त्याचं इंग्रजी नाव वेगळं आहे, पण अर्थ तोच. उताणं पडून हात-पाय आकाशाकडे, मग एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय हळूहळू खाली न्यायचे, पाठ मात्र जमिनीवरून तसूभर हलता कामा नये. तीन आरशांत तीन झुरळं दिसतात. माणसाने या वयात स्वतःला असं पाहू नये.

घरी सुरू केलं तर वरून, "हे नको. कालचंच कर."

"का?"

"ते बरं होतं."

आता मी काय करायचं हेही पलंगावरून ठरणार! मी हट्टाने झुरळच केलं. थोड्या वेळाने वरून कुरकुर सुरू, हूं, स्स्. करा काय वेडावायचं ते.

आज खुर्चीत बसवताना एका हातानेच आधार दिल्यासारखं वाटलं. दंड दाबून पाहिले. फार काही लागत नाही हाताला, पण जोर असा वरून दिसत नसावा.

१७ मार्च, मंगळवार

परीक्षा घेतली श्वासमास्तरने. गुडघ्या-हातांवर उभं केलं आणि माझ्या कंबरेवर पाण्याची बाटली आडवी ठेवली. एक हात पुढे, उलटा पाय मागे, बाटली पडता कामा नये. पडली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा गडगडत जाऊन टायवाल्यापाशी थांबली.

"अजून कच्चं आहे, काकू. उचलायची घाई नको."

"कच्चं? मी रोज सासूबाईंना फुलासारखं उचलते!"

"फुलासारखं?" त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "त्यांचं वजन कमी झालंय का?"

वजन! जेवण वाढलंय बाईंचं. परवा तर भात पुन्हा मागून घेतला. स्वतःच्या शिकवणुकीवर विश्वास नाही पोराचा, दुसरं काय. बाटलीच गोल होती.

२१ मार्च, शनिवार

लिहवत नाही. दुपारी दोन तास दुकानात जाते अजून, तिथं एका बाईंचा चष्मा दुरुस्त करत होते. त्या सारख्या बोलत होत्या — फ्रेम नाकावर रुतते, फ्रेमने चेहरा रुंद दिसतो, फ्रेमने असं आणि फ्रेमने तसं. जसा चेहरा आम्हीच पुरवला होता! स्क्रू निसटला. टेबलाखाली गेला. वाकले. आणि उसण भरली.

वर्षभर सासू उचलली, आणि पडले कशाने तर तिळाएवढ्या स्क्रूने! मालकांनी रिक्षात घातलं. घरी येईपर्यंत जीव नकोसा झाला.

२३ मार्च, सोमवार

पेन्सिलीने लिहितेय. उताणं पडून पेन चालत नाही.

गादीवर पडवेना म्हणून यांनी सतरंजी टाकून दिली, तीही त्याच मोकळ्या फरशीवर, पलंगाशेजारी. यांना कामावर जाणं भाग होतं. शेजारीण येऊन बघणार होती, पण तिची सकाळ कधी उजाडेल ते सांगता येत नाही. घरात आम्ही दोघी, एक वर, एक खाली.

"अगं —" वरून आलं. मी ओळखलं कशासाठी.

"आई, जरा दम धरता का? शेजारीण येईलच."

"नाही धरवत."

मी कुशीवर वळायला गेले आणि अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. कोपरावरच अडकले. धड वर नाही, धड खाली नाही. रडू आलं, रागाने. नणंद शनिवारी येणार. ती मला अशी पाहणार आणि मधाळ आवाजात टॅक्सी बोलावणार, हे स्पष्ट दिसलं. माझ्याच्याने होत नाही. खरंच होत नाही, हे पहिल्यांदा पटलं.

"पड तू," वरून आवाज. "हलू नकोस."

आणि पलंग कुरकुरला. "टाचा रोव," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पोट आत. श्वास बाहेर." माझेच शब्द, माझ्याच चालीवर! पांघरूण सरकलं. मला खालून फक्त दोन पाय दिसले. ते पलंगाच्या कडेवरून खाली आले, अधांतरी थोडे थरथरले आणि फरशीवर टेकले. नुसते टेकले नाहीत, त्यांच्यावर भार आला. पायाची बोटं पसरली. मी वर्षभर ते पाय धुतलेत, पुसलेत, त्यांना तेल लावलंय, पण असे पाहिले नव्हते. मग पलंगाचा कठडा धरून त्या उभ्या राहिल्या. एक पाऊल. वळल्या. कमोडच्या खुर्चीत बसल्या. घामाने न्हायल्या होत्या.

"तिकडं बघ जरा," मला म्हणाल्या. "माणसाला लाज असते."

मी भिंतीकडे पाहिलं. परत पलंगावर गेल्यासुद्धा त्यांच्या त्याच!

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू आडवी व्हायला लागलीस तेव्हापासून. ओरडून ओरडून सांगत होतीस. न ऐकून जाते कुठे?"

"आणि मी तुम्हाला रोज उचलत होते, ते?"

"निम्मी मीच उठत होते. तुला वाटलं, तुझ्यात जोर आला."

"मग सांगितलं का नाही?"

"जमलं नसतं तर हसली असतीस."

हसलेच असते. त्यात खोटं काय.

२४ मार्च, मंगळवार

काल लिहायचं राहिलं — मी भयंकर चिडलेय. मी दंड दाबून पाहत होते आणि ही बाई वर पडून मजा बघत होती! मी श्वासमास्तरशी भांडले, बाटलीला दोष दिला! रात्री यांना सांगितलं तर यांचा विश्वास बसेना. आईने सकाळी पुन्हा उठून दाखवलं. हे रडले. मुलाला हुंदके आणि सुनेला टोमणे, अशी वाटणी आहे आमच्याकडे.

पण मग एकदम लक्षात आलं — आता आश्रमच नको! ना तो शहराबाहेरचा, ना कुठला. सासूबाईंना आता उचलायचंच नाही. कोपराला हात लावला की झालं. नणंदबाई, या आता तुम्ही! केव्हा एकदा शनिवार उजाडतोय असं झालंय.

२६ मार्च, गुरुवार

काठी धरून न्हाणीघरापर्यंत जाते. मी. सासूबाई पलंगावरून बघतात आणि म्हणतात, "पोट आत घे." कोण कोणाला शिकवतंय!

आज दोघींनी मिळून केलं. मला पूल झेपत नाही अजून, मी नुसती बेंबी ओढते. त्या वर पूल करतात. मोजणं त्यांनी घेतलंय स्वतःकडे, आणि मोजताना लबाडी करतात. स्वतःची वेळ आली की आकडे पळतात, माझी आली की रेंगाळतात. सांगितलं तर म्हणतात, "मी म्हातारी आहे." हे बरंय.

एक मात्र लिहायला हवं. मी खाली पडल्या पडल्या हसले आज. पाठ दुखली त्याने. मग त्याही हसल्या.

२९ मार्च, रविवार

नणंद काल आली. दारातच, "वहिनी, काय गं ही तुझी दशा!" म्हटलं, आत चल. तिने बॅग खाली ठेवायच्या आधी तो विषय काढला. शहराबाहेरच्या आश्रमात बोलून ठेवलंय, लोक फार चांगले आहेत, आईची तिथं नीट व्यवस्था होईल. मी यांच्याकडे पाहिलं, यांनी आईकडे.

सासूबाईंनी पांघरूण बाजूला केलं. तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या, मला तेवढं ऐकू आलं. पाय खाली, कठडा, एक पाऊल, वळून खुर्चीत. मग लेकीला म्हणाल्या, "बस. उभी का?" नणंदेचं तोंड बघण्यासारखं झालं. एवढी वर्षं मी त्या तोंडाची बोलती बंद व्हायची वाट पाहिली, आणि झाली ती सासूबाईंच्या हातून! मी इतकी खूश झाले की काठी विसरून स्वयंपाकघरात गेले आणि सगळ्यांना चहा केला. सासूबाई म्हणाल्या, रंग बरा आलाय. लिहून ठेवते, पुन्हा ऐकायला मिळणार नाही.

नणंद दोन आठवडे राहणार आहे. राहू दे. बघू दे रोज.

२ एप्रिल, गुरुवार

श्वासमास्तरकडे जाऊन आले. हळूहळू चढले जिना. सासूबाईंचं सगळं सांगितलं तर तो खुर्चीतून उठलाच. "म्हणजे तुम्ही शिकवलंत त्यांना!" मी म्हटलं, मी कुणाला काही शिकवलं नाही, मी फक्त ओरडत होते. तो म्हणाला, "काकू, उगाच नाही म्हणू नका." पहिल्यांदा "काकू" खटकलं नाही. मग म्हणाला, वजन मात्र आता कधीच उचलायचं नाही. म्हटलं, नाहीच उचलायचं आता. घरात उचलण्यासारखं काही राहिलंच नाही.

५ एप्रिल, रविवार

सकाळी वाचनालयामागच्या त्या घरातल्या दोघींपैकी थोरल्या बाई आल्या. मी बोलावलं नव्हतं, यांनी नाही, नणंदेनेही नाही. सासूबाईंनीच फोन केला होता. त्यांच्यासमोर पलंगावरून उतरून खुर्चीत बसून दाखवलं, माझ्याकडे एकदाही न बघता. बुधवारपासून जागा आहे.

बाई गेल्यावर मी ओरडले. "आता कशाला? आता तर तुम्हाला उचलायचंसुद्धा नाही!"

"मागच्या वर्षीही केला होता फोन. तुझी कंबर दुखायला लागली तेव्हाच. आधी आपलं आपण उठून बसा म्हणाल्या."

"म्हणजे या घरातून जायला केलात हा व्यायाम?"

"तुझ्या गळ्यातून उतरायला केला. उद्या पुन्हा पडले तर तू उचलशीलच. काय हट्टी आहेस ते मला ठाऊक नाही का?"

मी पाठवणार नाही म्हटलं. चारदा म्हटलं. रडले. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. कपाटातली बॅग काढायला सांगितली आणि मी उठले तशा डाफरल्या, "तू नाही! बॅग माझी लेक उचलेल. तू हात लावायचा नाहीस."